तुम्ही विचारलंत म्हणून: बसलं की थांबतं, मग दुखणं मणक्याचं कसं?

इंदूरच्या रामबागेत जा नाहीतर नारायणबागेत, प्रश्न तोच. "चालताना पाय दुखतात, पण बसलं की बरं वाटतं, सायकलवर तर काहीच होत नाही. मग हे मणक्याचं कसं?" अहो, बसल्यावर बरं वाटतं म्हणूनच मणक्याचा संशय घ्यायचा!

वयानुसार मणक्यांचे मागचे सांधे फुगतात, अस्थिबंध (हाडांना बांधणारा पट्टा) जाड होतो, पुढून दोन मणक्यांमधली चकती आत येते. मणक्यांतून जाणारी नसांची नळी अरुंद होते, बहुधा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, वाकलं की मोकळी होते. सायकलवर आपण वाकलेलेच असतो.

राजवाड्याकडून सराफ्यात निघालेल्या सत्तरीच्या काकूंकडे नीट बघा. सुरुवातीला ठणठणीत. मग कुल्ले जड होतात, मांडीमागून पोटऱ्यांत मुंग्या उतरतात, पाय उचलवेनासे होतात. त्या थांबतात, पण उभ्या उभ्या भाव विचारताना कळ वाढतेच. मग काउंटरवर कोपरं टेकून वाकतात, पायरी दिसली की बसतात, आणि थोड्या वेळात पुन्हा चालू लागतात. घरचे म्हणतात, "नाटकं!" नाटकं नाहीत हो. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या असत्या तर नुसतं उभं राहूनही कळ गेली असती, आणि चढावर जास्त त्रास झाला असता. मणक्याचं दुखणं बहुतेकदा उतारावर जास्त छळतं. मधुमेह्यांत दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून पावलाची नाडी तपासल्याशिवाय निदान पुरं होत नाही.

"पण एमआरआयमध्ये तर..." हो, नळी 10 मिलिमीटरहून अरुंद असेल तर ती फारच अरुंद. पण तो फोटो आडवं झोपवून काढलेला असतो, आणि वाईट रिपोर्टवाले कित्येक जण मजेत चालतात. रिपोर्टवर नाही, पायांवर उपचार ठरवा: पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं, पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, स्थिर सायकल, आणि चालताना कळ वाढायच्या आत बसणं.

लघवी तुंबली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि ऑपरेशन? पायांचं दुखणं त्यानं जितकं सुटतं, तितकी कंबर सुटेलच असं नाही. जुना बधिरपणा राहूही शकतो. ज्यांना अजून बसत-उठत बाजार करता येतो, त्यांनी करावं का? माझं उत्तर माणसागणिक बदलतं. म्हणून "सरळ हो की नाही सांगा" म्हणू नका.