तान्ह्या बाळाची एटीआरटी गाठ : टाळूपासून केमोपर्यंतचा प्रवास

एटीआरटी ही लहान मुलांच्या मेंदूत होणारी, झपाट्याने वाढणारी कर्करोगाची गाठ. तिच्या निदानाची वाट बहुधा उलटीच्या औषधापासून सुरू होते. बाळ ओकतं, किरकिरतं आणि दोष दुधाला जातो. टाळू व कवटीचे सांधे उघडे असल्याने आतल्या दाबाला जागा मिळत राहते, म्हणून खुणा उशिरा दिसतात. डोक्याचा घेर टेपने मोजून वाढीच्या तक्त्यावर मांडा. रेषा ओलांडून वर चालला असेल, शांत बसलेल्या बाळाचीही टाळू फुगलेली असेल किंवा बुबुळं खाली झुकली असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टाळूवरून केलेली सोनोग्राफी मेंदूत साठलेलं पाणी दाखवते. गाठीसाठी एमआरआय लागतो, आणि तो शस्त्रक्रियेआधी मेंदूसोबत पूर्ण मणक्याचाही करून घ्या. नंतर केला तर मणक्यात उतरलेलं रक्त गाठ पसरल्यासारखं दिसून फसवतं. भुलेआधी साधारणपणे आईचं दूध ४ तास, पावडरचं ६ तास बंद असतं. वेळ भूलतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या. कुणी मायेने पाजलेल्या दोन चमच्यांनी तारीख पुढे जाते.

७ किलोच्या बाळात रक्त जेमतेम ५६० मिली. त्यातलं १०० मिली गेलं तरी जवळपास पाचवा हिस्सा गेला. म्हणून रक्ताची सोय आधी, आणि कधीकधी गाठ दोन टप्प्यांत काढतात. उरलेली गाठ तपासायचा एमआरआय ४८ ते ७२ तासांच्या आत हवा. उशीर झाला की भरत आलेली जखमही गाठीसारखी उजळते.

खरी गफलत पॅथॉलॉजीत होते. सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या दुसऱ्या गाठीसारखी दिसू शकते. आयएनआय-१ या प्रथिनाचा रंग गाठीच्या पेशींत नाहीसा आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांत शाबूत असेल, तर निदान पक्कं धरता येतं. दोन्हीकडे नसेल तर चाचणीच फसली, पुन्हा करायला सांगा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्ट पुरत नाही: गाठीचा तुकडा बसवलेला पॅराफिन ब्लॉक, स्लाइड्स आणि एमआरआयची मूळ सीडी हवी, फिल्म नव्हे. ब्लॉक मेणाचा असतो, तापलेल्या गाडीत ठेवू नका. बाळाच्या रक्ताची जनुकीय चाचणी आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफीही विचारा, कारण आयएनआय-१ च्या जनुकातला दोष तिथेही गाठ करू शकतो.

३ वर्षांखाली रेडिएशन शक्यतो टाळतात, वाढता मेंदू ते सोसत नाही. त्यामुळे भार केमोवर पडतो, काही उपचारांत बाळाच्याच, आधी काढून ठेवलेल्या रक्ताच्या मूळपेशी परत देऊन. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध ऐकण्यावर परिणाम करू शकतं, म्हणून त्याआधी कानांची तपासणी हवीच. केमो चालू असताना ताप ३८ अंश झाला की पॅरासिटामॉल न देता थेट रुग्णालयात. आणि थर्मामीटर काखेत, गुदद्वारात कधीच नाही.