दोन पायांवर उभं राहिलेलं पाँटस

हेलेनिस्टिक काळ, म्हणजे अलेक्झांडरनंतरची दोन-तीन शतकं म्हटलं की सगळे इजिप्तचे टॉलेमी आणि सीरियाकडचे सेल्युकिड या राजघराण्यांवरच बोलतात, पण मला त्या काळातलं सगळ्यात इंटरेस्टिंग राज्य वाटतं ते पाँटस. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानातलं. अलेक्झांडरने पर्शियन साम्राज्य संपवलं हे खरं, पण पर्शियन सरदार घराणी काही एका रात्रीत गायब झाली नाहीत, त्यातल्याच एका घराण्यातल्या मिथ्रिडेटीसवर अलेक्झांडरच्या अँटिगोनस या सेनापतीला संशय आला, तेव्हा तो जीव वाचवून मोजक्या घोडेस्वारांसोबत पॅफ्लागोनियाच्या डोंगरात पळाला, तिथे माणसं जमवली आणि इ.स.पू. २८१ च्या सुमारास स्वतःला राजा म्हणवून घ्यायला लागला. एका फरारी माणसाने उभं केलेलं हे राज्य पुढे दोनशेहून जास्त वर्षं टिकलं.

ते टिकलं कशामुळे, याचं माझं उत्तर असं की हे राज्य दोन पायांवर उभं होतं. किनाऱ्यावर सिनोपे, अमिसस अशी ग्रीक शहरं, त्यांची बंदरं, जहाजं, व्यापार. आणि डोंगरापलीकडे आत खोऱ्यांमध्ये गावं, किल्ले, पर्शियन जमीनदार, आणि कोमानासारखी देवस्थानं, जिथे प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की कमीत कमी ६,००० देवळाचे गुलाम होते. राजांच्या नाण्यांवर ग्रीक, दरबारात ग्रीक, पण युद्ध जिंकलं की राजा डोंगरमाथ्यावर लाकडांचा प्रचंड ढीग रचायचा, पहिली लाकडं स्वतः वाहून आणायचा, वर दूध, मध, दारू, तेल ओतायचे आणि मग ती आग पेटायची. प्राचीन इतिहासकार ॲपियन लिहितो की ही जुन्या पर्शियन राजांची पद्धत, आणि समुद्रात १,००० स्टेडिया, म्हणजे जवळपास १८० किलोमीटर लांबूनही ती आग दिसायची! हा काही नुसता देखावा नव्हता असं मला ठामपणे वाटतं. ग्रीक व्यापाऱ्याला आणि डोंगरातल्या सरदाराला एकाच वेळी आपला वाटेल असा राजा असणं, हेच त्या राज्याचं खरं बळ होतं.

सुरुवातीला राजधानी आत अमासियाला होती, तिथल्या कड्यात खोदलेली राजांची थडगी अजूनही आहेत. इ.स.पू. १८३ ला पहिल्या फार्नेसेसने सिनोपे जिंकलं आणि मग राजधानीही किनाऱ्याकडे सरकली. इ.स.पू. १२० च्या आसपास पाचव्या मिथ्रिडेटीसचा सिनोपेमध्येच खून झाला, मुलगा लहान, कारभार आईच्या हातात गेला, आणि हाच मुलगा पुढे आईला कैदेत टाकून राजा झाला तो सहावा मिथ्रिडेटीस. बापाकडून पर्शियन सम्राट डरायसचा वंश आणि आईकडून अलेक्झांडरचा वारसा असं तो सांगायचा. क्रिमियातल्या खेर्सोनेसस या ग्रीक शहराने सिथियन लोकांविरुद्ध मदत मागितली, त्याने डायोफँटस नावाचा सेनापती पाठवला आणि बघता बघता क्रिमियाच्या बाजूचं बॉस्पोरसचं राज्यही याच्याकडे आलं, म्हणजे वर्षाला १,८०,००० मेडिम्नोस (धान्याचं ग्रीक माप) धान्य आणि २०० टॅलेंट (वजनाचं माप) चांदीची खंडणी.

मग इ.स.पू. ८८. आशिया मायनरमधली शहरं रोमन करवसुली आणि सावकारीने इतकी पिळून निघाली होती की त्यांनी मिथ्रिडेटीसचं स्वागतच केलं. पण त्याने गुप्त पत्रं पाठवून ठरलेल्या एका दिवशी तिथल्या रोमन आणि इटालियन लोकांची कत्तल करवली, बायका-मुलांसकट, प्राचीन लेखक कमीत कमी ८०,००० चा आकडा देतात. आकडा फुगवलेला धरला तरी याला माफी नाही, आणि अन्यायाविरुद्धचा लढा म्हणून त्याचं कौतुक करणारे लोक हा दिवस पटकन ओलांडून पुढे जातात ते मला पटत नाही.

त्यानंतर ग्रीसमध्ये रोमन सेनापती सुल्लाने आधी अथेन्स घेतलं, मग कायरोनिया आणि ऑर्कोमेनस इथे मिथ्रिडेटीसचं सैन्य मोडलं. हरायला लागल्यावर त्याचा ग्रीक शहरांवरचा विश्वास उडाला, किऑसच्या लोकांना त्याने बेटावरून उचलून नेलं, ते पाहून इफेसस उलटलं. माझ्या मते एक पाय लुळा पडला तो इथे. आतल्या बाजूलाही तेच झालं: स्ट्रॅबो मूळचा अमासियाचाच, तो सांगतो की राजाने नातेवाईक मारले म्हणून स्ट्रॅबोच्या आजोबांनी चिडून १५ किल्ले रोमन सेनापती लुकुलसच्या बाजूला वळवले. रोमकडे सैन्य होतंच, पण घरातूनच किल्ले मिळत गेले तर कोण टिकणार?

शेवटी रोमन सेनापती पाँपीने हरवल्यावर म्हातारा राजा कॉकेशसच्या बाजूने क्रिमियात पोचला, आणि तिथून जमिनीवरून थेट इटलीवर चाल करायचं ठरवत होता. त्यासाठी जबरी कर, माणसांची भरती. आधी फानागोरिया हे ग्रीक शहर उठलं, मग इतर, मग सैन्य, आणि शेवटी पोटचा मुलगा फार्नेसेस. इ.स.पू. ६३ मध्ये मिथ्रिडेटीसने विष घेतलं, पण ते लागू पडेना, कारण आयुष्यभर थोडं थोडं विष घेऊन शरीर सरावलेलं, म्हणून बिटुइटस नावाच्या गॉल अधिकाऱ्याला तलवार चालवायला सांगितली. पाँपीने मात्र त्याला सिनोपेमध्ये राजाला शोभेल असंच पुरलं, हे मला आवडतं.

बापाला दगा देऊन फार्नेसेसला बॉस्पोरस मिळालं, पण त्याला पाँटसही परत हवं होतं. इ.स.पू. ४७ ला झेलाजवळ सीझरने त्याला इतक्या लवकर उडवलं की 'आलो, पाहिलं, जिंकलं' हे वाक्य त्याच लढाईचं. पाँटस काही त्याला परत मिळालं नाही, पण फार्नेसेसची मुलगी डायनॅमिस पुढे बॉस्पोरसची राणी झाली आणि तिने स्वतःच्या नावाची सोन्याची नाणीही पाडली.