नाशिक–वैतरणा–घाटघर: जिम्नीत दोन रात्रींचं सामान कसं बसवलं

नोव्हेंबरच्या अखेरीस नाशिक, त्र्यंबक, पहिने, वैतरणेचं बॅकवॉटर, घोटी, बारी, शेंडी, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत घोटीमार्गे नाशिक अशी ही फेरी. माणसं दोन, रात्री दोन, गाडी मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी, म्हणजे छोटी फोर-व्हील ड्राइव्ह, टपावर काहीही नाही. रस्ता बहुतेक डांबरी किंवा उखडलेल्या खडीचा आहे. फोर-व्हील लागते ती डांबर सोडून मुक्कामाच्या जागेपर्यंत उतरणाऱ्या शेवटच्या अर्ध्या-एक किलोमीटरला. सामान नीट बांधलंय की नाही, हेही तिथेच कळतं.

छोट्या गाडीत जागा पुरत नाही अशी तक्रार सगळेच करतात. जिम्नीची डिकी मागची सीट उभी असताना २०८ लिटर आणि पाडल्यावर ३३२ लिटर, म्हणजे तक्रार अगदीच खोटी नाही. पण जागेच्या आधी वजनाचा हिशेब करा. भरलेल्या गाडीचं कमाल वजन १५४५ किलो आणि रिकामी गाडी साधारण १२०० किलो. उरले ३४० च्या आसपास. दोन माणसांचे दीडशे काढले की सामानाला १९० किलो. त्यातून लोखंडी बंपर, विंच (गाडी ओढायचं दोराचं यंत्र) आणि टपावरचं कॅरिअर आधीच लावलेलं असेल तर शंभर किलो घरूनच गेले म्हणून समजा. मग खड्ड्यात मागची चाकं दणकन आपटायला लागतात आणि दोष शॉकअॅब्सॉर्बरला दिला जातो.

घरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू मोजून भरली तेव्हा आकडे असे आले: पाणी २० किलो, तंबू आणि अंथरूण-पांघरूण १६, स्वयंपाकाचा क्रेट १४, शिधा ९, गाडी ओढून काढायचं सामान १७, हत्यारं, जॅक आणि कॉम्प्रेसर १२, प्लायचा तळ १४, कपडे १०, खुर्च्या आणि टेबल ८. एकूण १२०. दोघांना दोन रात्रींसाठी याहून जास्त लागत नाही. यादी दीडशेच्या वर गेली तर काहीतरी दुहेरी घेतलंय. बहुधा भांडी.

मागची सीट पाडली तरी जिम्नीत सपाट तळ मिळत नाही. सीटची पाठ आणि डिकीचा तळ यांच्यात पायरी राहते, त्यावर ठेवलेला क्रेट डुगडुगतो आणि पट्टा कितीही आवळला तरी तासाभरात सैल होतो. म्हणून पायरी भरून काढण्यापुरता प्लायचा तळ करून घेतला. प्लाय १२ मिलिमीटरची पुरे. आठ बाय चारचा अख्खा पत्रा १२ मिलिमीटरमध्ये साधारण २२ किलो भरतो, १८ मध्ये ३३. सुतार हमखास १८ सुचवतो, कारण तो कपाटाच्या हिशेबाने बोलतो. इथे खालून दर ३५–४० सेंटिमीटरला आधार असला की १२ वाकत नाही. आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून साचा बनवा. चाकाच्या कमानीचा गोलवा टेपने मोजून कधीच नीट येत नाही. बाजूंना एकेक सेंटिमीटर फट सोडा, नाहीतर खडबडीत रस्त्यावर प्लाय आतल्या प्लास्टिकवर घासून रडल्यासारखी करकरते. पायांखाली जुन्या रबरी मॅटचे तुकडे. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले घ्या, साधे नट थरथरीने सुटतात. तळ दोन तुकड्यांत करा, म्हणजे मागचं सामान न काढता पुढचा भाग उचलता येतो.

डब्यांसाठी महागडे कॅम्पिंग बॉक्स घेण्याचं नाशिककरांना काहीच कारण नाही. टोमॅटोचा क्रेट, सुमारे ५४ बाय ३६ आणि २९ सेंटिमीटर उंच, वीस किलो माल घेऊन पिकअपमध्ये वर्षानुवर्षं आदळतो आणि फुटत नाही. अरुंद बाजू आडवी ठेवली तर दोन क्रेट शेजारीशेजारी बसतात आणि उरलेल्या फटीत घडीच्या खुर्च्या उभ्या सरकतात. तोटा एकच, जाळीतून धूळ आत जाते. खडीच्या रस्त्यावर मागच्या दाराच्या रबरातूनही पिठासारखी धूळ येतेच. क्रेटला आतून जाड प्लास्टिकची गोणी आणि तिच्या आत गोणपाट लावा. गोणपाटाने भांड्यांचा खडखडाट जातो, आणि वेळ आलीच तर तेच चाकाखाली घालता येतं.

भरायचं कसं, हा खरा मुद्दा. बहुतेक जण प्रकारानुसार भरतात: स्वयंपाकाचं एकीकडे, कपडे एकीकडे. लहान गाडीत ते फसतं, कारण हवी ती वस्तू नेहमी तिसऱ्या थराखाली सापडते. कोणती वस्तू कधी आणि कोणत्या दारातून काढायची आहे, त्यावर जागा ठरवा.

दार महत्त्वाचं, कारण जिम्नीचं मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी लटकलेली असते. गाडी मागे बांधाला टेकून उभी असेल किंवा शेपटीकडून चिखलात बसली असेल तर ते उघडत नाही. उतारावर वजनामुळे आपोआप मिटतं आणि हातावर येतं. म्हणजे ज्या क्षणी फावडं आणि दोर हवा, नेमक्या त्याच क्षणी डिकी बंद. गाडी काढायचं सगळं सामान म्हणून डाव्या मागच्या दाराशी, सीटच्या पायथ्याशी ठेवलं: कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), हातमोजे, आखूड दांड्याचं फावडं, जॅक आणि जॅकखाली घालायला ३० बाय ३० सेंटिमीटरचा जाड प्लायचा तुकडा. हा तुकडा नसेल तर मऊ मातीत गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो. शॅकल पाऊण इंची, ४.७५ टनांचा शिक्का असलेलाच घ्या. शिक्का नसलेला घेऊ नका. दोर फक्त गाडीच्या चासीला बसवलेल्या हुकांना लावायचा, टोईंगच्या गोळ्याला कधीच नाही. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो. ताणलेल्या दोरावर मध्यावर जाड घोंगडी टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा. गावातली पोरं मदतीला धावतात आणि नेमकी दोराजवळच उभी राहतात.

उजव्या मागच्या दाराशी पाणी. वीस लिटरचा एक कॅन नको, दहा-दहाचे दोन घ्या. एक फुटला तर दुसरा उरतो, एका हाताने उचलता येतात, आणि सांडलेलं पाणी सीटखाली जमलं तर वास आठवडाभर जात नाही. पिण्यासाठी आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर, धुण्याला दोन. वीस लिटर दुसऱ्या दिवशी घोटीपर्यंत पुरतात, तिथे पुन्हा भरून घ्यायचे. पेट्रोलचा कॅन मात्र घेऊ नका. टाकी ४० लिटरची आहे आणि फेरी अडीचशे किलोमीटरच्या आसपासची. बंद गाडीत पेट्रोलची वाफ घेऊन फिरण्यासारखं इथे काही नाही. घोटीत टाकी भरली की झालं.

डिकीत सगळ्यात शेवटी, म्हणजे दाराशी सगळ्यात जवळ, तंबू. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाशकात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अर्ध्या तासात काळोख. पोचल्यावर पहिल्यांदा डोक्यावरची बॅटरी, मग तंबू, मग चुलीचं सामान लागतं. बॅटरी डिकीत ठेवूच नका, ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा. तंबूच्या मागे स्वयंपाकाचा क्रेट, त्याच्या शेजारी शिध्याचा, आणि सगळ्यात आत, पुढच्या सीटमागे, हत्यारांचा. जड वस्तू खाली आणि पुढे, दोन्ही अॅक्सलच्या मध्ये. वर फक्त गाद्या आणि स्लीपिंग बॅग. पुढच्या सीटच्या पाठीपेक्षा उंच काही नको. आरशात मागचं दिसलं पाहिजे आणि ब्रेक मारल्यावर काही डोक्यावर येता कामा नये.

बांधायला हुकाची रबरी दोरी वापरू नका. ती ताणते, म्हणून सामान उडायला मोकळं राहतं, आणि हुक निसटला तर थेट डोळ्याकडे येतो. २५ मिलिमीटर रुंदीचे दोन पट्टे, एक आडवा आणि एक उभा. रॅचेटवाला, म्हणजे दांडीने आवळायचा पट्टा टोमॅटोचा क्रेट चिरडू शकतो, तेव्हा साध्या बकलचा चांगला. पट्टा अडकवायच्या कड्या प्लायच्या तळाला आरपार बोल्टने लावा आणि तळ गाडीच्या मूळ हुकांना बांधा. सीटबेल्टचे बोल्ट उघडून त्यांत कड्या बसवणारे बरेच दिसतात. तो उद्योग नको. कच्च्या रस्त्याचे पहिले दहा किलोमीटर झाले की थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, कारण सामान तेवढ्यात बसतं. त्र्यंबकहून येताना पहिन्यापाशी चहाला थांबतोच माणूस, तेव्हाच उरकून घ्या.

गॅसच्या बाबतीत मतभेद आहेत. पाच किलोची छोटी टाकी टाकीसकट बारा-तेरा किलो होते, आणि ती उभीच ठेवावी लागते. दोघांना दोन रात्री २२०–२३० ग्रॅमच्या ब्यूटेनच्या तीन बाटल्या पुरल्या, त्यातली तिसरी जवळजवळ भरलेली परत आली. पहाटे थंडीत ब्यूटेन मरगळतो, ज्योत बारीक होते. गॅस संपलेला नसतो, बाटली गार पडलेली असते. रात्री ती फडक्यात गुंडाळून ठेवा; शेगडीवर किंवा गरम पाण्याच्या पातेल्यात तापवू नका. उन्हात डॅशबोर्डवरही नको. आणि थंडी कितीही असो, तंबूत शेगडी किंवा कोळसा पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तेलाची बाटली दुहेरी पिशवीत आणि उभी. झटक्याने उघडणारी झाकणं थरथरीत उघडतात, चहापूड आणि साखर फिरकीच्या झाकणात भरा. अंडी घेऊ नका, घोटीत मिळतात.

आता जागांविषयी. वैतरणेच्या काठाला भाताची खाचरं आहेत. कापणी झाली तरी बांध शेतकऱ्याचे असतात, चाकाने फोडलेला बांध पावसाळ्याआधी त्यालाच घालावा लागतो. जवळच्या वस्तीवर जाऊन "दादा, रात्रीपुरती गाडी लावली तर चालेल ना?" एवढं विचारलं की बहुतेक हो म्हणतात, वर कुठली वाट कोरडी आहे तेही सांगतात. दुसरी माहिती पहिलीपेक्षा मोलाची. धरणाचं पाणी ओसरलेल्या काठावर वरून वाळलेला, भेगाळलेला पापुद्रा असतो आणि खाली हातभर गाळ. आधी पायी चालून बघा. टाच रुतली तर चाक रुतणारच. पाण्याला चिकटून तंबूही नको; गार हवा खोलगट जागेत साचते आणि दव इतकं पडतं की पहाटे तंबू पिळून काढावा लागतो. काठापासून आठ-दहा मीटर उंचावर थंडी चक्क कमी वाटते.

शेंडीच्या पुढे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. नाक्यावर नोंद करून शुल्क भरा, मुक्काम गावकऱ्यांच्या ठरलेल्या जागेवरच करा, शेकोटी नको. घाटघरच्या कोकणकड्यावर वारा सुटतो, तिथे रात्र काढायची नाही. साम्रदला आत वस्तीच्या आडोशाला जागा मिळते, तरी तंबूची पाठ वाऱ्याकडे करून गाडी आडवी लावा. खुंट्या १८ सेंटिमीटरच्या मिळतात, पण बेसॉल्टच्या कातळावर त्या आत जात नाहीत. मग पिशवीत दगड भरून दोरी तिला बांधायची. चार रिकाम्या पिशव्या म्हणून नेहमी सोबत.

या भागातल्या दगडांना धार असते. टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्यावरून २० पीएसआयपर्यंत उतरवली तर गाडी बसकण मारून दगडावर नीट चढते, पण १५ च्या खाली गेलात तर टायर रिमवरून निसटू शकतो. बाजूची भिंत चिरली तर पंक्चर किटचा काही उपयोग नाही, स्टेपनीच लावावी लागते. म्हणून निघण्याआधी स्टेपनीतली हवा तपासा. डांबरावर आल्यावर हवा पुन्हा भरायची, तशीच पळवली तर टायर तापतो. कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावला की बरेचदा फ्यूज उडतो, कारण तो दहा-पंधरा अँपिअर ओढतो. थेट गाडीच्या बॅटरीला चिमटे लावणारा घ्या, आणि तरी दोन जादा फ्यूज ठेवा.

बूट रात्री तंबूत किंवा गाडीत, बाहेर नको. दगड उचलताना विंचवाची आठवण ठेवा. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, म्हणून तंबूची चेन कायम बंद. साप चावलाच तर कापणं-चोखणं नाही, माणसाला हलू न देता १०८ ला फोन आणि जवळचं रुग्णालय गाठायचं. शिधा आणि खरकटं गाडीत बंद ठेवा. खरकट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

परतीच्या सकाळी सामान त्याच क्रमाने भरलं जात नाही, कारण तंबू ओला असतो. ओल्या तंबूसाठी झाकणाची बादली किंवा जाड गोणी ठेवा. ती शेवटची, दाराशी, म्हणजे घरी पोचल्यावर पहिली निघते आणि संध्याकाळच्या आत गच्चीवर वाळत पडते. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर शिवणीवर काळे ठिपके पडतात आणि ते पुढे निघत नाहीत.