एक गुण

कॅनडाच्या उत्तरेला, नुनावुतमध्ये मी होम केअर नर्स आहे. गावं 25, आणि कुठल्याही दोन गावांना जोडणारा रस्ता नाही. ज्या आजींबद्दल लिहितेय त्यांच्या गावाचं नाव सांगत नाही. हजारभर वस्तीत 'सीलच्या कातड्याचे बूट शिवणारी' एवढ्यावरून माणूस ओळखू येतं.

एप्रिलमध्ये इग्लूलिक गावातल्या 10 खाटांच्या वृद्धगृहात एक खाट रिकामी झाली. कशी, ते सांगायला नको. यादीत पाच नावं होती. असेसमेंट आम्ही करायचं, समिती फोनवर बसून बेरीज करते. जो जास्त परावलंबी, तो वर. ज्यांना इथे सांभाळणं शक्य नाही, त्यांची रवानगी ओटावाला. इथली राजधानी इकालुईत, तिथपासूनच ते 2,000 किलोमीटर पडतं, म्हणजे साधारण मिरज ते श्रीनगर, आणि इकालुईत गाठायला आजींना आधी एक विमान लागतं. कॅनडाच्या दक्षिणेतले लोक विचारतात, प्रत्येक गावात चार खाटा का टाकत नाही? खाट टाकता येते हो. पण नर्स राहणार कुठे? इथे कित्येक घरांत आधीच दाटीवाटीने माणसं. नवीन घर बांधायचं तर लाकूड-सामान उन्हाळ्यातल्या बोटीनेच येणार.

आजींचं असेसमेंट दोन आठवड्यांच्या करारावर आलेल्या मुलीने केलं होतं. मेहनती होती, पण घाईतली. फाइल तपासून सही करायचं काम माझ्याकडे, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. स्मरणशक्तीचा जो कागद आम्ही वापरतो तो दक्षिणेत बसून लिहिलेला. शंभरातून सात-सात वजा करा. कागद उजव्या हातात घ्या, मधोमध घडी घाला, खाली ठेवा. आजींनी घडी घातली आणि तिच्यावरून अंगठ्याचं नख असं दाबून फिरवलं, जसं कातडं कापायच्या आधी फिरवतात. वजाबाकी मात्र त्यांनी दुसऱ्या पायरीलाच सोडून दिली.

ऋतूच्या प्रश्नापुढे फुली होती. मी तोच पुन्हा विचारला. "उपिंगाक्साक." दुभाष्या म्हणाला, "वसंत नाही, वसंताच्या आधीचा." पहिल्या वेळीही त्यांनी हेच सांगितलं होतं. कागदावर चारच ऋतू, आणि कॅलेंडरप्रमाणे वसंत लागलेला, म्हणून त्या मुलीने चूक दिलं. इनुइटांचे, म्हणजे इथल्या मूळ लोकांचे, ऋतू सहा. आपलेही सहाच की! माझ्या आजीला कुणी फेब्रुवारीत ऋतू विचारला असता तर ती शिशिर म्हणाली असती, आणि तिलाही फुलीच मिळाली असती. बाहेर उणे वीस, बर्फ कडक, पण सूर्य लवकर मावळायचं नाव घेत नव्हता. आजींचं उत्तर आमच्या कागदापेक्षा नेमकं होतं. मी फुली खोडून गुण दिला, शेजारी सही केली. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

तो गुण मिळाला, म्हणजे परावलंबन तेवढं कमी ठरलं, आणि आजी पहिल्या नंबरवरून दुसऱ्यावर आल्या. खाट एका आजोबांना मिळाली. त्यांची माणसं स्नोमोबिलने भेटायला येऊ शकतात, आणि त्यांची गरजही खरीच होती. माझी सहकारी म्हणाली, "तुला पेन हातात घ्यायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, चुकीचं उत्तर बरोबर केलं नाही, बरोबर होतं ते बरोबर म्हटलं. अजूनही तेच म्हणते. रात्री जरा कमी ठामपणे.

ऑगस्टमध्ये आजी पडल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन ओटावाला झालं आणि नंतर त्यांना उचलून-बसवून करायला दोन माणसं लागू लागली, तेवढी घरी नव्हती. त्या तिकडेच राहिल्या.

सप्टेंबरात त्यांची लेक कपड्यांची पेटी घेऊन निघाली तेव्हा मी विमानतळावर होते. पेटीत आजींचा उलू, म्हणजे कातडं कापायची सुरी, घातलेला, मग विमानात हातातल्या सामानात सुरी चालणार नाही म्हणून बाहेर काढलेला. तो तिने माझ्या हातात दिला, पुढच्या मालाबरोबर पाठव म्हणाली. मग विचारलं, "तेव्हा आई किती गुणांनी मागे पडली?"

मी म्हटलं, "थोड्या."