भीती जुनी, शरीर आजचं

दार कसं आपटलं यावरून बाबांचा आजचा पारा मला लहानपणी अचूक कळायचा. आवाज चढायच्या आत धाकट्या भावाला आतल्या खोलीत न्यायचं, हे माझं काम. ते घर सुटून वर्षं झाली, तरी शरीर पहाऱ्यावरच होतं. वरिष्ठांचा नुसता ‘जरा बोलायचंय’ असा मेसेज आला तरी छातीत धडधड, हाताला मुंग्या, पोटात गोळा.

हृदयाचंच काही असेल म्हणून ईसीजी काढला, थायरॉइड तपासलं. दोन्ही नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून वाटेला न लावता त्या डॉक्टरांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. एसएसआरआय या चिंता-नैराश्यावरच्या औषधांच्या गटातल्या गोळ्या सुरू झाल्या. फरक पडायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता उलट वाढूही शकते, हे आधीच सांगितलं होतं म्हणून मी टिकले.

थेरपीत आता सगळं बालपण उकरावं लागणार, या धास्तीनेच गेले होते. पण तिथे बराच काळ त्याला हातच लावला नाही. जुडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये मानसिक आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. माझ्या थेरपिस्ट त्याच वाटेने चालल्या. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, पाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्यायचं. मेसेज आला की ‘रागावलात का?’ असं लगेच विचारायचं नाही, धडधड आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. मला घाम फुटायचा.

मग शोकाची पाळी आली. बाबांवरचा राग तर तयारच होता. अडलं ते आईपाशी. ती स्वतःच भेदरलेली, तिच्यावर कसं रागवायचं? पण तिने आम्हाला एकदाही जवळ घेऊन ‘तुमची चूक नाही’ म्हटलं नाही, हे बोलताना मी ढसाढसा रडले. तिची कीव येते आणि रागही येतो. यातलं एक काहीतरी निवडायची सक्ती थेरपिस्टनी केली नाही.

नातेवाईक मात्र ‘शेवटी वडील आहेत, माफ कर’ हेच घोकतात. (हे सांगणारे तेव्हा कुठे होते, कोण जाणे.) माफ केल्याशिवाय बरं होता येत नाही, हे मला पटत नाही. बाबांशी मी फोनवर बोलते. आवाज चढला की ‘बाबा, नंतर करते’ म्हणून ठेवते. पहिल्यांदा ठेवला तेव्हा कितीतरी वेळ हात थरथरत होते.

गोळ्या अचानक बंद करायच्या नसतात, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवताहेत. धडधड अजून होते. फक्त आता रात्रभर पुरत नाही.