उणे १९६ अंशांची राखण : आमची वाटचाल

कोल्हापूर, सांगली, सातारा आणि बेळगाव या पट्ट्यातील वंध्यत्व उपचार केंद्रांना भ्रूण गोठवून ठेवण्यासाठी लागणारा, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन पुरवणे, तेथील साठवण भांड्यांची देखभाल करणे आणि भ्रूण-प्रयोगशाळेतील इन्क्युबेटरचे तापमान व वायूंचे प्रमाण ठरावीक काळाने तपासून लेखी अहवाल देणे, एवढे आमच्या पेढीचे काम आहे. उपचार डॉक्टर करतात, बीजांडे आणि भ्रूण एम्ब्रियॉलॉजिस्ट हाताळतात आणि आम्ही त्यांच्या मागे उभे असतो. तरीही गोठवलेला भ्रूण पुढील चार-पाच वर्षे सुरक्षित राहतो की नाही, याचा बराचसा भार आमच्यासारख्या लहान पेढ्यांवर असतो.

या व्यवसायाचे मूळ गोठ्यात आहे. कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ साली सहकारी दूध संघ उभा राहिला, १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे पशुधन विकासाचे काम करणाऱ्या ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली, आणि पुढील काळात गोठित रेतमात्रांचा, म्हणजे गोठवलेल्या वळूच्या वीर्याच्या मात्रांचा, वापर पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव पोहोचला. माझे वडील उद्यमनगरातील एका कारखान्यात फिटर होते. ती नोकरी सोडून त्यांनी कृत्रिम रेतन करणाऱ्यांची नायट्रोजनची भांडी भरून देण्याचे काम सुरू केले. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर मोटारसायकलला भांडे बांधून जाणारी ही मंडळी ठरलेल्या दिवशी आमच्या दारात येत. भांडे कोरडे पडले की आतल्या साऱ्या रेतमात्रा वाया जातात, आणि गाईचा माज एकदा हुकला की पुढच्या माजासाठी तीन आठवडे थांबावे लागते. त्यामुळे भरणीचा वार चुकवायचा नाही, हा नियम वडिलांनी आजारपणातही मोडला नाही.

राजारामपुरीत नवे वंध्यत्व उपचार केंद्र उभारणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी आमच्याकडे पहिल्यांदा विचारणा केली, तेव्हा वडिलांनी होकार देण्यापूर्वी बराच वेळ घेतला. माणसांसाठीची भांडी, वाहतूक आणि नोंदवह्या जनावरांच्या कामापासून पूर्णपणे वेगळ्या ठेवायच्या आणि त्यासाठी लागणारा खर्च आधी करायचा, या अटीवरच त्यांनी ते काम घेतले. मागचे शास्त्र मात्र एकाच झाडाचे आहे. ग्लिसरॉलमुळे शुक्राणू गोठवूनही जिवंत राहू शकतात, हे पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या ब्रिटिश संशोधकांनी १९४९ मध्ये दाखवले, तेही कोंबड्याच्या शुक्राणूंवर. आणि गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याचे अमेरिकेतील बंज आणि शर्मन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले.

भ्रूण गोठवण्याच्या इतिहासात आपल्या देशातील एका नावाचा उल्लेख मला प्रत्येक नव्या कर्मचाऱ्यापुढे करावासा वाटतो. इंग्लंडमध्ये जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे शरीराबाहेर फलन करून जन्मलेले पहिले मूल, लुईस ब्राऊन हिचा जन्म २५ जुलै १९७८ रोजी झाला आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ ही मुलगी तशीच जन्मली. त्यांनी भ्रूण गोठवून, नंतर तो वितळवून गर्भाशयात सोडला होता. सरकारी चौकशी समितीने त्यांचे म्हणणे फेटाळले आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा मान पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या मुलीला मिळाला. पण त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासोबत असलेले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच मुखोपाध्याय यांची कागदपत्रे बारकाईने वाचली आणि १९९७ मध्ये पहिलेपणाचे श्रेय त्यांना जाहीरपणे दिले. स्वतःकडे असलेला मान असा दुसऱ्याला देणारी माणसे विरळा. हे शक्य झाले ते हाताने लिहिलेल्या नोंदी शिल्लक होत्या म्हणून, आणि आमच्या पेढीत नोंदवहीला यंत्राइतकेच महत्त्व आहे ते याच कारणाने.

साठवण भांडे दिसायला साधे असते. ॲल्युमिनियमच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये निर्वात पोकळी आणि चकाकत्या पातळ थरांचे आवरण, वर अरुंद मान आणि सैल बसणारे बूच. बूच घट्ट बसवायचे नसते, कारण नायट्रोजनचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे सातशे पटींनी वाढते आणि त्याला वाट मिळावीच लागते. पातळी मोजण्यासाठी आमचे जुने कर्मचारी आजही भरीव पट्टी वापरतात. पट्टी तळापर्यंत सोडायची, काही सेकंद थांबायचे, बाहेर काढून हवेत हलकेच हलवायची. जिथवर ती नायट्रोजनमध्ये बुडाली होती तिथवर पांढरे दव धरते आणि ते मोजपट्टीवर वाचायचे. पोकळ नळी मात्र कधीही वापरायची नाही, कारण तिच्यातून उकळता नायट्रोजन थेट तोंडावर उसळतो. एका दिवसाच्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. आठवड्यामागून आठवडा घट वाढत चालली असेल, किंवा मानेजवळ बाहेरच्या अंगाला ओलसर दव दिसू लागले असेल, तर निर्वात पोकळी निकामी होत आहे असे समजून भांडे तातडीने बदलायचे असते. व्हिट्रिफिकेशनच्या पद्धतीत भ्रूण एका मायक्रोलिटरहूनही कमी द्रवात, बर्फाचे स्फटिक होऊ न देता, काचेसारखा घट्ट केलेला असतो. इतका सूक्ष्म थेंब हवेत आला की काही क्षणांतच तापतो, म्हणून भांड्यातील हलवाहलवसुद्धा नायट्रोजनच्या पातळीखालीच करावी लागते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या शिस्तीची खरी परीक्षा झाली. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, पुण्याकडून येणारी नायट्रोजनची गाडी अडकली आणि निपाणीच्या बाजूचा रस्ताही बंद झाला. आम्ही पावसाळ्यापूर्वी राखीव साठा उंचावरील गोदामात हलवतो, तो त्या वर्षीही हलवला होता. प्रत्येक केंद्राच्या मागील काही महिन्यांच्या घटीची नोंद हाताशी असल्याने कोणते भांडे किती दिवस तग धरेल हे कागदावर मांडता आले, आणि ज्यांची मुदत आधी संपणार होती त्यांना आधी, अशा क्रमाने साठा वाटला. वीज नव्हती, पेट्रोलसाठी रांगा होत्या, काही ठिकाणी भांडे हातगाडीवरून न्यावे लागले. एकाही केंद्रातील पातळी धोक्याच्या खुणेखाली गेली नाही.

त्याच दिवसांत एका केंद्राच्या जिन्यात कागल भागातील एक शेतकरी जोडपे भेटले. आमचे भांडे पाहून त्या गृहस्थांनी विचारले, “दादा, आमचं ह्याच्यातच ठेवलंय व्हय?” भ्रूण कुणाचा कोठे आहे हे आम्हाला ठाऊक नसते आणि असूही नये, म्हणून मी एवढेच सांगितले की आतले डॉक्टरबाईंच्या ताब्यात आहे आणि नायट्रोजन पुरेसा आहे. त्यांच्या पत्नीने न बोलता हात जोडले. आपल्याकडे मूल न होण्याचा दोष अजूनही आधी बाईच्या माथी मारला जातो. पुरुषाशी संबंधित कारणही अनेक जोडप्यांत असते, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी व स्वस्त तपासणी अनेक घरांत सर्वांत शेवटी होते, याचे मला फार वाईट वाटते.

इन्क्युबेटरच्या तपासणीत आम्ही पुढे उतरलो. भ्रूणाला ३७ अंश सेल्सिअस तापमान, सुमारे ५ टक्के ऑक्सिजन आणि ५ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान कार्बन डायऑक्साइड लागतो. कार्बन डायऑक्साइडचा खरा हेतू भ्रूण ज्या द्रवात वाढतो त्या माध्यमाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ७.२ ते ७.४ दरम्यान राखणे हा असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी कमी आहे. त्यामुळे समुद्रकाठच्या शहरात बरोबर ठरणारा आकडा येथे तसाच ठेवला, तर माध्यमात विरघळणारा वायू कमी पडतो आणि सामू वर सरकतो. यंत्राच्या पडद्यावरील आकड्यावर विसंबू नका, प्रत्यक्ष सामू मोजा, हा आग्रह आम्ही धरला. सुरुवातीला काहींना तो अनाठायी वाटला, पण आता बहुतेक केंद्रे स्वतःहून मोजणीची तारीख मागतात.

महागडी यंत्रे विकण्याची संधीही या क्षेत्रात सतत समोर येते. भ्रूणाची सलग छायाचित्रे घेणारे टाइम-लॅप्स इन्क्युबेटर आम्ही विकतो, मात्र ब्रिटन आणि हाँगकाँग येथे झालेल्या आणि २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्यामुळे अपत्यजन्माचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही, हे आम्ही डॉक्टरांना आधी सांगतो. कामाची सोय हवी असेल तर त्यांनी ते जरूर घ्यावे. रुग्णाच्या बिलात त्याची किंमत ‘यशाची हमी’ म्हणून जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा आल्यानंतर केंद्रांची नोंदणी बंधनकारक झाली आणि भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षे साठवता येतील, त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावेत किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यावेत, असे ठरले. दहा वर्षांचा हिशेब म्हणजे भांड्याचाही दहा वर्षांचा हिशेब. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे टाकीचे तापमान वाढून चार हजारांहून अधिक बीजांडे आणि भ्रूण गमावले गेले, तेव्हा दूरवर सूचना देणारा अलार्म बंद होता. त्या घटनेचा तपशील वाचल्यापासून आम्ही शिरोली एमआयडीसीतील एका लहान इलेक्ट्रॉनिक्स कारखानदारासोबत पातळी आणि तापमान दोन्ही तपासणारी, वीज गेली तरी चालणारी आणि स्वतः बंद पडली तरी तसा संदेश पाठवणारी यंत्रणा तयार करत आहोत. येत्या पावसाळ्यापूर्वी ती आमचा करार असलेल्या प्रत्येक केंद्रात बसवून, डॉक्टरांच्या समोर चाचणी घेऊन, निकालावर दोन्ही बाजूंच्या सह्या करायच्या असे आम्ही ठरवले आहे.