चढाला पास, उताराला नापास

टो ट्रकवरून उतरवलेली गाडी जवळजवळ धडधाकट होती. पुढच्या बंपरचा डावा कोपरा फाटलेला आणि चाकांच्या कमानीत बर्फ ठासून बसलेला, एवढंच. कॉम्पॅक्ट एसयूव्ही, ऑटोमॅटिक, ऑन-डिमांड फोर बाय फोर, म्हणजे मागच्या चाकांना गरजेपुरतीच ताकद देणारं. मालकांची तक्रार एका वाक्यात संपली: "फोर बाय फोर बंद पडलंय, उतारावर गाडी थांबलीच नाही." सकाळी त्याच रस्त्याने ती वर गेली होती, तेही विनातक्रार. हे दोन्ही ऐकल्यावर माझं लक्ष आधी टायरकडे गेलं. पण तक्रार फोर बाय फोरची होती, म्हणून तपासणी तिथूनच सुरू केली.

या वर्गातल्या बहुतेक गाड्या मुळात फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असतात. गिअरबॉक्सकडून एक शाफ्ट मागे जातो आणि मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या तोंडाशी तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचा संच असतो, हेच कपलिंग. कंट्रोल युनिट प्लेटा जितक्या दाबेल तितकी ताकद मागे जाते. काही गाड्यांत हा दाब छोटा इलेक्ट्रिक पंप तयार करतो. प्लेटांची झीज तेलात उतरते, पंपाच्या जाळीत साचते, दाब बनेनासा होतो आणि गाडी गुपचूप दोन चाकांवर चालू लागते. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. म्हणून स्कॅनर "एरर नाही" म्हणाला तरी मी तिथे थांबत नाही.

खरी परीक्षा रोलरवर होते. पुढची दोन्ही चाकं मोकळ्या फिरणाऱ्या रोलरवर चढवायची, मागची जमिनीवर ठेवायची, समोर कोणालाही उभं राहू द्यायचं नाही. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून ड्राइव्हमध्ये हलकेच ॲक्सिलरेटर द्यायचा. कपलिंग निकामी असेल तर पुढची चाकं नुसती गरगरतात आणि गाडी जागची हलत नाही. कपलिंग चांगलं असेल तर मागची चाकं लगेच गाडी पुढे ढकलतात. ही गाडी ऑटो मोडमध्ये रोलरवरून उतरली आणि प्लेटा दाबून धरणाऱ्या लॉक मोडमध्येही उतरली. कपलिंगचं तेल काढलं, ते काळवंडलेलं होतं, पण जाळी साफ होती. स्कॅनरमध्ये दोषाचा कोड नव्हता, कपलिंगचं तापमान मर्यादेजवळ गेल्याची एक नोंद मात्र होती. वेळ सकाळची, म्हणजे चढाची. मागच्या चाकांनी चढावर भरपूर राबून घेतलं होतं. ज्या यंत्रणेवर आळ होता, तिनेच गाडी वर नेली होती.

आता हिशेब. रस्त्याच्या पाटीवर चढ १२ टक्के होता. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर घर्षण गुणांक, म्हणजे वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा, साधारण ०.२ धरू. कोरड्या डांबरावर हाच आकडा ०.७ च्या पुढे असतो. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडीचं सगळं वजन पकडीच्या कामी येतं, म्हणजे ०.१२ ची गरज आणि ०.२ हातात. चढ निघतो. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांवर वजनाचा ६० टक्क्यांच्या आसपासचा वाटा असतो आणि चढावर त्यातलाही थोडा मागे सरकतो. हाती उरतं जेमतेम ०.११. तसेच टायर असलेली साधी गाडी त्या चढाच्या पायथ्यालाच अडली असती आणि माघारी वळली असती.

उतरताना हा फायदा शून्य. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चार चाकांवर असतात. ०.२ पकडीवर ताशी ३० किलोमीटरवरून सपाटीला थांबायला सुमारे १८ मीटर लागतात, याच उतारावर ४४. ही अवस्था सकाळची. दुपारी उन्हाने वरचा थर पाघळला आणि सावलीतल्या वळणावर पुन्हा गोठला. तिथे गुणांक ०.१ किंवा त्याहून कमी. उतार ०.१२ चा, पकड ०.१ ची. इथे थांबण्याचं अंतर काढताच येत नाही, कारण ब्रेक पूर्ण दाबूनही गाडीचा वेग वाढतच जातो. पायी चालण्याच्या वेगाने उतरलात तरी तेच. बर्फ सर्वांत निसरडा शून्य अंशाच्या जवळपास असतो, उणे १५ ला तो बराच बरा वागतो. कडाक्याच्या थंडीत निघालेला रस्ता ऊन पडल्यावर दगा देतो तो यामुळे.

टायरवर एम प्लस एस ही अक्षरं होती आणि मालकांचा सगळा भरवसा त्यावर. ती अक्षरं नक्षीबद्दल टायर बनवणारा स्वतःच छापतो. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह मात्र बर्फावरच्या पकडीची चाचणी पास झाल्याशिवाय मिळत नाही. ते इथे नव्हतं. साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक होत जातं, हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं. नक्षीची खोली पुढे ५ मिलिमीटर, मागे ३. बर्फासाठी ४ च्या खालचा टायर मी बाद धरतो, कारण खाचांत बर्फ पकडला जाऊन बर्फाला बर्फ धरतो, ते कामच उथळ खाचांत होत नाही. त्यात उतारावर ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि झिजलेले टायर तर नेमके मागेच. शेपूट आधी सुटणार हे ठरलेलं. शिवाय झिजलेलं चाक व्यासाने लहान, म्हणून जास्त फिरतं आणि कपलिंगच्या प्लेटा सतत एकमेकींवर घासत राहतात. तेल काळं होण्यात याचाही हात असावा.

हवा २८ पीएसआय निघाली. भरताना ३३ होती म्हणाले. खोटं नव्हतं: २० अंशांत भरलेले ३३ उणे १० ला २८ होतात.

मालकांनी घसरताना लॉकचं बटण दाबलं होतं. ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं एबीएस काम करू लागलं की बहुतेक यंत्रणा कपलिंग सैल करतात, कारण प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजता यावा लागतो. त्या क्षणी बटणाला अर्थ नव्हता. एबीएसमुळे पॅडल थरथरलं म्हणून त्यांनी ब्रेक मध्येच सोडला होता, ते मात्र टाळायला हवं. उतार सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर आणि उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग धरणारं हिल डिसेंट कंट्रोल, ही तयारी ०.२ पकडीवर पुरली असती, ०.१ वर नाही. हिल डिसेंटही शेवटी तेच ब्रेक आणि तेच टायर वापरतं.

जिमनीसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे फोर बाय फोर हाताने जोडायच्या गाडीत पुढचा-मागचा ॲक्सल ट्रान्सफर केस या ताकद वाटणाऱ्या पेटीत पक्का जोडला जातो. लो रेंजच्या, म्हणजे वेग आणखी कमी करणाऱ्या जोडणीच्या, पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा ब्रेक चारही चाकांना लागतो आणि एकच ॲक्सल लॉक होत नाही. उतारावर हे खरंच उपयोगी आहे. पण तीन दरवाजांच्या जिमनीचा व्हीलबेस २.२५ मीटर, सुटली की गर्रकन फिरते. शिवाय जोडलेले ॲक्सल वळणावर गाडीला सरळ रेटतात.

दुरुस्तीत कपलिंगला हात लावला नाही, फक्त तेल बदललं. चारही टायर एकाच मेकचे, एकाच नक्षीचे, हिमकणाच्या चिन्हाचे. गोठलेल्या पाण्यावर तेही पुरत नाहीत, तिथे साखळ्या लागतात. मॅन्युअलमध्ये साखळ्या पुढच्या चाकांना सांगितल्या होत्या, पण फक्त पुढे घातल्या तर उतारावर मागची बाजू आणखी सुटते. चारही चाकांना घालायच्या तर मागच्या कमानीत जागा हवी, आणि १८ इंची रिमवर साखळी आतल्या बाजूने शॉक ॲब्झॉर्बरला घासत होती. शेवटी मॅन्युअलने मंजूर केलेल्या १६ इंची रिम घेतल्या, ब्रेक कॅलिपरला घासत नाहीत हे हाताने फिरवून पाहिलं आणि साखळी चढवून चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिल्यावरच गाडी सोडली.